खोली नंबर तीन ते निघोजे

निघोज्याला कुणी फिरायला जात नाही. निघोज्याची, मोशीची, चाकणची माणसं आमच्याकडे फिरायला येतात, अशीच जगाची रीत आहे. शनिवारी सकाळी पहिल्या तरीतून खाडी ओलांडून गाड्या उतरू लागल्या की दर दुसऱ्या नंबरप्लेटवर त्यांच्याकडचा चौदाचा आकडा असतो, आणि काच खाली करून सगळे एकच प्रश्न विचारतात, "काकू, बीच कुठंय?" आमचं माडबेट हे बेट आहे. डोळे मिटून कुठल्याही दिशेला चालत सुटलात तरी बीचच लागतो. पण असं सांगून पाहुण्यांचा हिरमोड करायचा नाही, असं आमच्या होम-स्टे असोसिएशनच्या बैठकीत ठरलेलं आहे.

बारा वर्षं मी या माणसांना जेवू घालते आहे. त्यांना आंबोळी आवडते, सोलकढी आवडते, झोपाळा आवडतो. पहाटे आरवणारा कोंबडा आवडत नाही, म्हणून आम्ही तो काढून टाकला. इतकी वर्षं त्यांची धावतपळत येणारी तोंडं बघून मला वाटायचं, ही माणसं एवढ्या घाईनं जे सोडून येतात ते आपण एकदा डोळ्यांनी पाहून यावं. हे झालं लोकांना सांगायचं कारण.

खरं कारण माझी सून प्रणाली. माझा मुलगा रुपेश चाकणला गिअरचे भाग करणाऱ्या कंपनीत आहे आणि दोघं निघोज्यात भाड्याच्या खोलीत राहतात. प्रणालीचा सातवा सरत आला होता आणि डॉक्टरांनी तारीख दिली होती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातली. नातवंड यायचं म्हणून आनंद होताच. पण ते नेमकं ऐन सीझनात यायचं होतं.

माडबेट, निघण्याआधी

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आमच्याकडची पद्धत. प्रणालीचं माहेर बेटावरच, आमच्यापासून तिसरं घर. पण त्या घरातही आता माणसं स्वयंपाकघरात राहतात आणि उरलेल्या घरात बुकिंग राहतं. तेव्हा माझ्या विहीणबाई सुगंधाबाई आणि मी, दोघी मिळून एक फार सभ्य बोलणं केलं.

"मान माहेरचाच हो," सुगंधाबाई म्हणाल्या, "पण तुमच्याकडे अटॅच्ड बाथरूम आहे. बाळंतिणीला बरं."

"बाथरूमचं काय एवढं," मी म्हटलं. "आईच्या हाताची चव कुठून आणायची?"

"तुमची तीन नंबर एसी आहे. बाळाला डास चावायचे नाहीत."

"तुमच्याकडे समुद्राचा वारा थेट येतो. एसी लागतच नाही."

एकमेकींच्या घराची एवढी तारीफ आम्ही लग्नाच्या बैठकीतही केली नव्हती. शेवटी दोघींनी न बोलता ठरवलं की बाळंतपण निघोज्यातच व्हावं. कामाला एक बाई लावावी, खर्च दोघींनी करावा. आता हे मुलीला सांगायचं कुणी? डोहाळजेवणाचं निमित्त होतंच. सुगंधाबाईंकडे मोठा ग्रुप उतरणार होता, त्यामुळे जायचं माझ्यावर आलं. त्यांनी लेकीसाठी हिरवी साडी, आमसुलं आणि डोळ्यांत पाणी दिलं. पाणी खरं होतं, ते मी जाणते. बुकिंगही खरं होतं.

तीन नंबरचं सांगितलं पाहिजे. ती रुपेशची खोली. लग्न झालं त्या मे महिन्यात गर्दी फार होती, म्हणून "आठ दिवस स्वयंपाकघरात झोपा रे," असं मी नव्या जोडप्याला म्हटलं. मग दिवाळी आली, मग नाताळ आला. मग खोलीला एसी बसला, आणि एसी लावलेल्या खोलीत घरचं माणूस झोपलं तर जीव तुटतो. पुढच्या पावसाळ्यात रुपेशनं चाकणला नोकरी धरली. तो भांडला नाही. मीही काही विचारलं नाही, सीझन तोंडावर होता.

आमच्या बेटावर आता सगळ्यालाच सीझनचा भाव आहे. न्हाव्याकडे रविवारी गेलात तर दाढीलाही पाहुण्यांचा दर पडतो. पूर्वी होडी वर ओढायची असली की हाक मारायचा अवकाश, गाव दोराला लागायचं आणि चहावर काम व्हायचं. आता हाक मारली तर खिडकीतून पाहुणे व्हिडिओ काढतात. एकी मात्र आमच्यात अजून आहे. दर वाढवायचा झाला की असोसिएशनच्या ग्रुपवर मिनिटात सगळ्यांचे अंगठे येतात.

मोशी, शनिवार सकाळ

प्रवासाचं सांगत नाही. बस भोसरीला आली तेव्हा पाठीचा कणा जागेवर आहे एवढं तपासून मी उतरले. रुपेश मोटारसायकल घेऊन उभा होता. वाळला होता. मी तसं म्हटलं, तर म्हणाला, "ओव्हरटाइम आहे गं," आणि माझी पिशवी टाकीवर ठेवली.

मोशीत मला समुद्र भेटला. म्हणजे इमारतींवर भेटला. एकीचं नाव ओशन पर्ल, शेजारची कोरल बे, पलीकडे सी ब्रीझचे तीन टॉवर. रुपेश सांगत होता, इथं परवापरवापर्यंत ज्वारी उभी असायची. मोशीत थांबायच्या आधी त्यानं मला नदी दाखवायला पुढं पुलावर नेलं, तर इंद्रायणीवर पांढराशुभ्र फेस. मला क्षणभर घरच्यासारखंच वाटलं. "लाटांचा नाही गं तो," रुपेश म्हणाला आणि त्यानं नाकावर रुमाल ओढला.

ओशन पर्लमध्ये आमचे जुने पाहुणे राहतात, मेघना आणि अभिजित. दर वर्षी दोनदा येतात आणि निघताना दर वेळी म्हणतात, "काकू, आता तुम्ही यायचं आमच्याकडे!" असं म्हणणाऱ्याच्या दारात खरंच जाऊन उभं राहायचं, ही माझी फार दिवसांची इच्छा होती. गेटशी चार माड होते, बांबूच्या टेकूवर उभे केलेले, ट्रकनं आणलेले. आमच्याकडे स्विमिंग पुलासाठी माड तोडतात आणि इथं स्विमिंग पुलाभोवती माड लावतात. एखाद्यानं मध्ये बसून नुसती देवघेव केली असती तरी त्याचं घर चाललं असतं.

गेटवरच्या माणसानं हातातल्या मोबाइलवरून मान वर न करता विचारलं, "गेस्ट का डिलिव्हरी?"

आता गेस्ट हा शब्द मी बारा वर्षं दुसऱ्यांसाठी वापरत आले. आपण स्वतः गेस्ट असू शकतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि मनात तर एकच विषय घोळत होता. मी म्हटलं, "डिलिव्हरीचंच काम आहे."

"पार्सल कुठंय?"

"पार्सल अजून सातव्या महिन्यात आहे."

त्या माणसानं आता मात्र मान वर केली. रुपेश हेल्मेटच्या आत हसत होता, ते त्याच्या हलणाऱ्या खांद्यांवरून कळलं. शेवटी वर फोन झाला, मेघनानं "अय्या, काकू?" असं म्हटलेलं मलाही ऐकू आलं, आणि आम्हाला अकराव्या मजल्यावर सोडण्यात आलं.

माणसं चांगली आहेत, खोटं कशाला बोलू? चहा झाला, मोबाइलवरून मागवलेले ढोकळे झाले. मेंटेनन्स किती, शाळेच्या बसला किती, गाडीच्या हप्त्याला किती, हे सगळं मेघनानं सांगितलं. "शहरात राहणं परवडत नाही हो काकू," ती म्हणाली. "म्हणून तर तुमच्याकडे पळून येतो. आपल्या माणसांत." मी मान डोलावली. बेटावर राहणं आम्हालाही परवडत नाही, हे मी तिला सांगितलं नाही, कारण ते तिच्यासारख्यांच्या येण्यामुळेच आहे आणि आमचं पोट चालतं तेही त्यामुळेच. हे एका चहात सांगून संपणारं नव्हतं.

समोरच्या भिंतीवर एक मोठी तसबीर होती. मी चष्मा लावला. खोली नंबर तीनची खिडकी होती ती. बाहेर माड, माडाच्या मागं पाणी.

"आमची खोली!" अभिजित अभिमानानं म्हणाला. "आणि काकू, हे बघा, चौकटीवर कुणीतरी होडी कोरलीय. किती ऑथेंटिक! असं आता कुठं मिळतं?"

ती होडी रुपेशनं पाचवीत असताना करकटकानं कोरली होती. नवी चौकट खराब केली म्हणून मी त्याला झाडूनं मारलं होतं. रुपेश मांडीवर हेल्मेट घेऊन स्वतःच्या खिडकीसमोर बसला होता. "छान आहे," एवढंच तो म्हणाला आणि त्यानं ढोकळा घेतला.

"आपली एकतीसची पक्की ना काकू? आठ दिवसांची?" मेघनानं विचारलं.

"पक्की," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं. सवयच तशी आहे.

निघोजे, शनिवार

मोशी ते निघोजे हे अंतर किती, याचं उत्तर शिफ्ट कुठली सुटली आहे यावर अवलंबून आहे. आम्हाला दुपारची भेटली. कंटेनरांच्या रांगेत आमची मोटारसायकल इतका वेळ उभी होती की शेजारच्या ट्रकवाल्यानं मला संत्रं दिलं आणि गाव विचारलं. आमच्याकडे सनसेट पॉइंट असतो, तिथं माणसं एका जागी उभी राहून तासभर एकाच दिशेला बघतात. इथं तसाच पॉइंट प्रत्येक चौकात आहे, आणि बघायलाही पैसे पडत नाहीत.

रुपेशची इमारत चार मजली, प्रत्येक मजल्यावर रांगेनं खोल्या. जिन्याशी पाटी होती. भाडे पाच तारखेच्या आत द्यावे. पाणी सकाळी एक तास. आणि तिसरं कलम, "पाहुणे दोन दिवसांच्या वर राहिल्यास पाण्याचे जादा पैसे पडतील." हे कलम मला फार आवडलं. आमच्या असोसिएशनला इतकी वर्षं हे सुचलं नव्हतं. मी ते लिहून घ्यायला पिशवीतून वही काढत होते, तेवढ्यात ओट्यावरून हाक आली.

"पाव्हणं, कुठलं गाव?"

ओट्यावर नऊवारीतली एक म्हातारी शेंगा फोडत बसली होती. ही हौसाक्का, इमारतीची मालकीण. इमारत आहे ती तिच्या शेतात. शेत कंपन्यांच्या शेडांमध्ये सापडलं, तेव्हा तिच्या मुलानं, दत्ताभाऊनं, त्यात खोल्या बांधल्या. मी माझं गाव सांगितलं. तिनं मूठभर शेंगा माझ्या ओंजळीत घातल्या.

"ह्या जिन्याखाली माजी हरबऱ्याची पट्टी व्हती," ती म्हणाली. "आता खोल्या पिकत्यात."

"आमच्याकडेही तेच पिकतं," मी म्हटलं, आणि आम्ही दोघी एकाच धंद्यातल्या बायका निघालो म्हणून मांडी ठोकून बसले.

"तुमचं भाडं कसं?" तिनं विचारलं.

"दिवसावर."

"दिसावर? येका दिसाचं?" मी आकडा सांगितला तेव्हा तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. "आगं बया. मंग तुमी झोपता कुटं?"

"स्वयंपाकघरात."

"आन् पोरगं?"

"तुमच्याकडे," मी म्हटलं.

 मग तिनं आणखी एक मूठ शेंगा दिल्या. मी त्या पदरात बांधून घेतल्या.

निघोजे काही स्वस्त नाही, गैरसमज नको. पलीकडच्या माळावर नव्या शेडचे खांब उभे राहिले की तिच्यावर पत्रे चढायच्या आत दत्ताभाऊ नवं भाडं सांगून जातो. शेजारच्या खोलीतली वैजयंता लातूरकडची, तिचा नवराही कंपनीत. ती म्हणाली, "मावशी, आमच्याकडं एवढ्या पैशात अख्खं घर मिळतंय की. पर काम मिळत न्हाई ना." गंमत म्हणजे मासळी. प्रणालीनं संध्याकाळी पापलेटं तळली, तीही आमच्याच बाजूच्या बंदरातली. बेटावर पापलेट म्हणजे पाहुण्यांचं ताट. आम्ही घरचे अंडी खातो. सून मला निघोज्यात बसवून पापलेट वाढत होती आणि म्हणत होती, "आई, अजून एक घ्या, इथं स्वस्त मिळतं."

खोलीत एकच पलंग. तो मला दिला. सकाळी कळलं की प्रणाली वैजयंताकडे झोपली आणि रुपेश गच्चीवर. पाहुणा आला की त्याला खोली द्यायची आणि आपण कुठंतरी अंग टाकायचं, हे त्याला कुणी शिकवलं हे मला कुणी सांगायला नको होतं.

निघोजे, रविवार, गच्चीवर

डोहाळजेवण गच्चीवर होतं. मी आपली समजत होते की चार बायका येतील, ओटी भरू, फोटो काढू आणि मग मी माझा विषय हळूच काढीन. वर गेले तर इमारतीतल्या झाडून सगळ्या बायका. लातूरच्या, साताऱ्याच्या, जळगावच्या, दोघी आमच्या कोकणातल्या. पुरणपोळी एकीची, भरीत दुसरीचं, धपाटे वैजयंताचे. आणि मधोमध होडी.

डोहाळजेवणाला होडी सजवतात, ते काही नवं नाही. पण ही भाड्यानं आणलेली थर्माकोलची नव्हती. कंपनीत मशीन ज्या लाकडी खोक्यांतून येतं त्या फळ्या इमारतीतल्या पुरुषांनी आठवडाभर शिफ्टवरून येताना एकेक करून आणल्या होत्या. खिळे ठोकले होते, निळा रंग दिला होता, शीड एका हिरव्या नऊवारीचं होतं. फळीवर एका ठिकाणी 'नाजूक, सांभाळून हाताळा' असा शिक्का तसाच राहिला होता. आणि पुढच्या टोकाला, नाळेवर, पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, माडबेट.

मी खऱ्या बेटावरून आले होते. बेटावर आता होडी म्हणजे पाहुण्यांना उडवत नेणारी केळ्याच्या आकाराची रबरी पिशवी. माझ्या सुनेला होडीत बसवावं हे मला सुचलं नाही आणि ज्यांनी समुद्र मोबाइलवर पाहिला त्यांना सुचलं. प्रणाली त्या होडीत बसली आणि मी पदर तोंडाशी धरला. लोकांना वाटलं, सासूला आनंद झाला. झाला होताच, पण तेवढंच नव्हतं.

वाट्या झाकून बर्फी-पेढा झाला. प्रणालीनं पेढा उचलला, बायकांनी "मुलगा! मुलगा!" केलं. ओटी भरली. आणि मग वैजयंतानं, काही मनात नसताना, विचारलं, "मग बाळंतपन कुठं करायलाव? माहेरी का सासरी?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. प्रणाली मात्र शिडाची दोरी बोटाला गुंडाळत खाली बघत होती. तिला उत्तर माहीत होतं. ती आमच्याच बेटावरची मुलगी, जानेवारी म्हणजे काय ते तिला कळतं. माझं भाषण तयार होतं, मोशी-चाकणचे दवाखाने कसे चांगले, बाई कशी लावू, सगळं. मी घसा साफ केला.

"इथंच की," हौसाक्का माझ्याआधी बोलली. "माजी खालची खोली मोकळी केलीया. तितला भाडेकरू दत्त्याला वर हलवाय सांगितला. चूल हाय, मोरी हाय, उनपानी मी घालीन. सव्वा महिना पोरगी माज्याकडं."

सव्वा महिना रिकामी खोली. मी मनातल्या मनात त्या खोलीचं भाडं धरलं, पाण्याचं जादा धरलं, आणि बारा वर्षांची माझी जीभ माझ्या आधी पुढं झाली.

"त्याचं किती घ्याल?" मी विचारलं.

 साताऱ्याच्या बाईच्या हातातली पोळी हातातच राहिली. हौसाक्का रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू या बाईला काहीतरी दुखतंय.

"पाव्हणं," ती म्हणाली, "जिन्यातली पाटी दत्त्यानं लावलीया. चूल माजी हाय. लेकरू यायचं म्हंजी पाव्हणा यायचा. पाव्हण्याचा कुनी भाव करतं व्हय?"

"आईंना सवय आहे हो त्याची," प्रणाली चटकन म्हणाली. "रोज तेच काम ना." तिनं मला सांभाळून घेतलं, आणि तेच मला जास्त लागलं.

भोसरी, सोमवार

पहिली शिफ्ट दुपारवर ढकलून रुपेश मला सोडायला आला. बसला अवकाश होता. टपरीवरचा चहा घेत आम्ही उभे होतो.

"खोली कधी मागितली का नाहीस रे?" मी विचारलं.

त्यानं ग्लास फुंकला. "माझीच होती ना, आई. आपलीच खोली कशी मागायची?"

तो साधं बोलत होता, टोमणा नव्हता त्यात. मी त्याच्याकडे पिशवी दिली आणि तिथंच, गाड्यांच्या आवाजात, मेघनाला फोन लावला.

"मेघना, एकतीसपासूनची खोली मिळायची नाही गं."

"अय्या! का हो काकू?"

"पाहुणे येणार आहेत."

"काकू, आम्हीच तर तुमचे पाहुणे!" ती हसली.

"नाही गं बाई," मी म्हटलं. "तुम्ही गिऱ्हाईक. चांगलं गिऱ्हाईक. पण पाहुणे वेगळे."

मी फोन ठेवला. रुपेश रस्त्याकडे तोंड करून उभा होता. मग त्यानं बाहीनं डोळे पुसले आणि धुरावर ढकललं. धूर तिथं हवा तेवढा होता.

बसमध्ये बसल्यावर सुगंधाबाईंचा फोन आला. "काय ठरलं?"

"माझ्याकडे. तीन नंबरमध्ये."

"अहो, पण पहिलं माहेरचं असतं..."

"मग घेता का तुमच्याकडे?"

 "नको," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे अटॅच्ड आहे." मग अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "डिंकाचे लाडू मात्र मी करीन हं."

पुन्हा माडबेट

हे लिहिते आहे तेव्हा बारसं होऊन गेलं आहे. पेढा खोटा ठरला, मुलगी झाली. हौसाक्काला सोपं गेलं नाही. "माज्याकडं ठरलं व्हतं," म्हणून ती दोन दिवस फुगून बसली होती. शेवटी डॉक्टरांना विचारून, दत्ताभाऊच्या गाडीतून, मागच्या सीटवर तीन उशा लावून तिनंच प्रणालीला माझ्या दारात आणून सोडलं. ऐन सीझनात एसी खोली घरच्या माणसाला दिल्यानं चुकीचा पायंडा पडतो, असं असोसिएशनच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं. त्याला बरेच अंगठे आले. मेघनानं इंटरनेटवर दोन तारे दिले आणि लिहिलं, "काकू आता पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत." ते मी दोनदा वाचलं. खरंच आहे ते.

रुपेश रजेवर होता, तो परत कामावर गेला. तो निघोज्यातच राहणार, नोकरी तिथं आहे. एका खोलीनं बेट स्वस्त होत नाही. पण प्रणाली बाळाला घेऊन तिकडे गेली की खोली कुलूप लावून ठेवायची, हे आमचं ठरलं आहे. दारावरचा पितळी तीन मी उचकटला. खाली लाकडाचा रंग वेगळा दिसतो, अजून तीनच दिसतो, पण जाईल हळूहळू.

बारशाला हौसाक्का आणि वैजयंता आल्या, तीन दिवस राहिल्या. वैजयंतानं समुद्राला हात जोडले. हौसाक्कानं या खेपेला तो निवांत पाहिला आणि विचारलं, "एवढं पानी, आन् तुमी टँकर मागवता?" ती माझ्याशेजारी स्वयंपाकघरात झोपली. पाळणा म्हणताना मधले शब्द तिचे, शेवटचे सुगंधाबाईंचे, आणि चाल दोघींचीही नव्हती.

निघताना मी त्यांना धक्क्यावर पोचवायला गेले. पलीकडे जाणारी तर धक्क्याला लागली होती. हौसाक्का एक पाय फळीवर ठेवून वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिनं विचारलं, "व्हय पाव्हणं, किती झालं?"

मला आधी मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग मी पण आवाज चढवला. "सीझनचा भाव आहे आक्का, परवडायचा नाही तुम्हाला!"

ती एवढी हसली की तरीवाल्यानं तिचा दंड धरला. ती तर खाडीच्या मध्यावर पोचली तेव्हाही हौसाक्काचा हात हलताना दिसत होता. मी डोळे पुसून वळले तर माझ्यापुढं चौदा नंबरची गाडी उभी. काच खाली झाली, एका थकलेल्या बाईनं डोकं बाहेर काढलं. मागच्या सीटवर दोन पोरं झोपली होती.

"काकू, बीच कुठंय?"

बारा वर्षं मी या प्रश्नाला नुसता हात दाखवत आले होते.

"सांगते," मी म्हटलं. "पाव्हणं, कुठलं गाव?"